मायच्या ओटीतला नारळ

पिंप्राळा, जळगाव
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रेमराज,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बरं? मुलगा नाही, मुलाचा बाप नाही. आधी आली मुलाची आई, प्रमिलाबाई, एकटीच, आणि हातात चप्पल! कोपऱ्यावर गाडीतून उतरली नि चपलेचा अंगठाच तुटला. बाकीची मंडळी गाडी लावायला जागा शोधून राहिली होती आणि ही बाई अनवाणी आमच्या ओट्यावर उभी. म्हणाली, "पाय धुवायला पाणी द्या आधी, मग पोरगी दाखवा." आली होती ती सून पसंत करायला, पण मी सासू आधीच पसंत करून टाकली.

हो रे, समाधानच्या मयुरीला पाहायला काल धुळ्याची मंडळी आली होती. तू पोरीला दीड वर्षात पाहिली नाहीस. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली आहे, स्कूटीवर जाते. काल तिने माझी मोरपंखी साडी नेसली तर मलाच रडू आलं. माझी नात आणि तिला पाहायला पाहुणे! मुलगा उंच आहे, जरा कमी बोलतो. मयुरीने त्याला विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?" तर म्हणाला, "वरणाला फोडणी देता येते, पण जळते." सगळे हसले. मेघाने (तुला माझी सून ठाऊक आहे, तिला पोह्यांवर भागवायचं होतं) शेवटी माझं ऐकलं आणि असोद्याच्या वांग्यांचं भरीत केलं, पुऱ्या केल्या. मुलाच्या बापाने तीनदा भरीत घेतलं. भरीत मागून घेणारा माणूस नाही म्हणत नाही, असं मी समाधानला म्हटलं. जाताना म्हणाले, "घरी विचार करतो आणि परत येतो." परत येतो म्हणजे पसंतच नं?

माय बरी आहे.

बरी म्हणजे कालपासून जेवली नाही.

हे लिहायचं नव्हतं मला. तू म्हणशील, अक्काने नेली नं मायला माझ्या घरातून, आता बघ म्हणावं. पण लिहिते. समाधानचं ठरलं होतं की पाहुणे येतील तेव्हा मायला मागच्या खोलीत ठेवायचं. तिचं डोकं असं झालंय हे पाहुण्यांना सांगितलेलं नाही. "म्हातारी झोपली आहे" एवढंच सांगायचं. पण माय कुठे झोपते! प्रमिलाबाई पाय धुऊन आत आली आणि दारातच ही समोर. बाई चांगली आहे रे. म्हणाली, "घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा मान आधी." आणि पिशवीतून खण, गहू आणि नारळ काढून तिने मायची ओटी भरली. विधवेची ओटी कोणी भरतं का? नाना गेल्यापासून मायच्या पदरात कोणी गव्हाचा दाणा टाकलेला नाही. प्रमिलाबाई म्हणाली, आम्ही ते मानत नाही.

मायने पदर पसरला, घेतलं, मान खाली घातली. मला वाटलं, केवढं छान. मग मी तिचे हात पाहिले. नारळ छातीशी आवळून धरला होता. पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ आली, मला चिकटली आणि म्हणाली, "माय, माले धाडू नको."

मला माय म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडात तिच्या माहेरची बोली येते, तुला ठाऊक आहे. तिला वाटून राहिलंय की पाहुणे तिलाच पाहायला आले होते, ओटी भरली म्हणजे तिचं लग्न ठरलं, आणि आता ते परत येणार म्हणजे तिला न्यायलाच येणार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हिलालभाऊच्या हाती देते. तो जळगाव–धुळे गाडीवर कंडक्टर आहे, धुळ्यात तुझ्या गल्लीवरूनच घरी जातो. अक्षर चौथीचं आहे. जसं आहे तसं वाच.

अक्का

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रेमराज,

हिलालभाऊ म्हणाला, तू पत्र खिशात घातलंस. खिशात घातलंस, फाडलं नाहीस, एवढं पुष्कळ झालं.

मयुरीचं सांगते आधी. मुलाने तिला मोबाइलवर विचारलं, तुमच्या घरी भरतात मिरची किती घालतात! पोरगी हसत सुटली. मी म्हटलं, सांग त्याला, परत आलास की शिकवेन. पण मी "परत" म्हटलं आणि आतून धप्प असा आवाज आला. माय गव्हाच्या कोठीमागे जाऊन बसायला बघत होती, पडली. लागलं नाही. पण तिथून निघेना.

नारळ ती खाली ठेवत नाही, प्रेमराज. ओटीचा नारळ जमिनीला टेकवायचा नसतो हे तिला पक्कं आठवतं. आज वार कोणता ते आठवत नाही, मी कोण ते आठवत नाही, हे आठवतं. मांडीवर घेऊन बसते, झोपतानाही कुशीत. हात भरून येतात तिचे. मी घेऊ गेले तर म्हणाली, "नारळ लिन्हा ते पोर गयी." नारळ घेतला की पोरगी गेली. मी म्हटलं, मी परत करते नं. तर माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच लहान पोर आहे, आणि म्हणाली, "तुना हातमा काय शे, माय?" बाईच्या हातात काय असतं!

मग मेघाने केलं ते केलं. तिच्या मनात वाईट नव्हतं. दिवसभर घर सांभाळायचं आणि वर हे, तिचंही डोकं फिरतं. तिने कपाटातला आरसा मायसमोर धरला आणि म्हणाली, "बघा आजी, केस बघा, दात बघा. तुम्ही शहाऐंशी वर्षांच्या आहात. तुम्हाला कोण न्यायला येतंय?" माय आरशात बघत राहिली. मग हळूच माझा हात धरला आणि कानात विचारलं, "हाई डोकरी कोन शे? मनी सासू शे का?"

मेघाच्या हातातून आरसा सुटता सुटता राहिला. मायला वाटलं, आरशातली म्हातारी म्हणजे तिची सासू, घरातच येऊन बसली आहे न्यायला. आता आम्ही घरातल्या सगळ्या आरशांवर चादरी टाकल्या आहेत. मयुरी स्कूटीच्या आरशात बघून केस विंचरते. मी मेघाला सांगून ठेवलं, "उद्या मी असं काही बोलायला लागले तर मला आरसा दाखवू नको बाई." ती रडली. मीही जरा.

डॉक्टर म्हणतात वाद घालू नका. ती काय म्हणते ते खोटं आहे हे तिला पटवायला जाऊ नका, तिला भीती कशाची आहे ते विचारा. मी विचारलं. मग तिने जे सांगितलं ते आपल्याला जन्मात कधी सांगितलं नव्हतं. तिला पाहायला आले तेव्हा ओल्या पायांनी शेणाच्या जमिनीवर चालवलं होतं, पाऊल कसं उमटतं ते बघायला. एका बाईने वेणी ओढून पाहिली, केस खरे का खोटे. एकाने तोंड उघडायला लावलं, बैलाचे दात बघतात तसे. बारा वर्षांची होती रे. तिला वाटलं होतं, पाहुणे आलेत म्हणजे लापशी मिळेल. लापशी मिळालीच नाही, असं म्हणाली.

मी रात्रीचं खाणं म्हणून लापशी केली. चार घास खाल्ले. चार घास खाल्ले म्हणून मी इतकी खूश झाले की तुला काय सांगू.

समाधान म्हणतो, पाहुणे परत येतील त्या दिवशी मायला गोळी देऊन झोपवू, नाहीतर शेजारी ठेवू. मला ते नाही आवडलं. पण दुसरं काय ते मला सुचत नाही. तू काही कळव.

अक्का

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रेमराज,

तुझा निरोप हिलालभाऊने शब्दाला शब्द सांगितला. "मी मार्केट यार्डात पस्तीस वर्षं मापाडी होतो. काट्यावर बोट ठेवलं नाही. खोटं बोलायला मी येणार नाही. तिला खरं सांग."

तुझा हा स्वभाव मला आवडतो, खरं सांगते. शेतकरी तुझ्याच काट्यावर माल घालायला थांबायचे, नाना हे गावभर सांगत फिरायचे. पण गेल्या वर्षीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, काय झालं ते आठव. माय विचारत होती, नाना बाजारातून आले का. तू म्हणालास, नाना जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिने कपाळ आपटून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तू पुन्हा सांगितलंस, ती पुन्हा तशीच रडली, जशी पहिल्यांदाच ऐकतेय. म्हणून मी तिला घेऊन आले. तू म्हणालास, खोट्याची सवय लावणाऱ्याच्या दारात पाय ठेवणार नाही. बरं. तुझा पाय, तुझं दार.

तरी तू सांगितलंस म्हणून मी रविवारी केलं. तिला समोर बसवलं आणि एकेक करून सांगितलं. "माय, तू माझी आई आहेस. तुझं लग्न केव्हाच झालं. नाना चांगले होते, तुझ्यावर कधी हात उचलला नाही त्यांनी. तुझी माय नाही आता, वना आबा नाहीत. तुला न्यायला कोणी येणार नाही." ती ऐकत होती. मग म्हणाली, "आबा कधी गयात?" आणि जे रडायला लागली! आपल्या बापासाठी तिने छाती पिटली, शेजारच्या बाया धावून आल्या. तासाभराने आबा गेले हे विसरली. पण पोटातलं भय राहिलं. कशाचं रडत होते ते पुसलं गेलं आणि भय तेवढं जागेवर. खऱ्याचं हे असं झालं, भाऊ. तूच काट्यावर घालून बघ.

आणि काल ती निघून गेली.

मी दुपारी धुणं वाळत घालत होते. मेघा दुकानात. फाटक उघडं. नारळ पण नाही, माय पण नाही. मी पदर न सावरता रस्त्यावर. एका पोरीने सांगितलं, आजी रुळांच्या बाजूला गेल्या. प्रेमराज, मी जशी धावले तशी आयुष्यात धावले नसेन. मालगाडीचा आवाज येत होता. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

सापडली ती नथ्थू केळीवाल्याच्या हातगाडीमागे. रिकाम्या क्रेटच्या मधे बसली होती, तोंडावर पदर ओढून. नथ्थू म्हणाला, "आजी म्हणत होत्या, पाहुण्यांना सांगू नको मी आठे शे. मी म्हटलं, नाही सांगत." आणि त्याने खरंच कोणाला सांगितलं नाही! दोन बाया विचारत आल्या तरी नाही सांगितलं. मी त्याच्यावर चिडले आणि मग त्याच्याच खांद्यावर हात ठेवून रडले. मायला अर्धं केळ खाऊ घातलं होतं त्याने.

आता मी फाटकाला कुलूप लावते. कुलूप लावलं की ती म्हणते, कोंडलं, म्हणजे उद्या नेणार. उघडं ठेवलं की रूळ आहेत. मी रोज कशाला भ्यावं ते सांग.

मी एक मागते. तू ये. माझ्या सांगण्याला ती किंमत देत नाही कारण मी तिच्या लेखी बाई आहे. नारळ घरातल्या पुरुषानेच परत करायचा असतो. समाधानने करून पाहिलं, तर "हा कोन पोऱ्या?" म्हणाली. पण तू वना आबांसारखा दिसतोस. तेच कान, तशीच मान कलती करून उभं राहायची सवय. तू दारात उभा राहून एवढंच म्हण की आम्ही पोरगी देत नाही. नारळ घे आणि जा. पाणीही पिऊ नको माझ्या घरचं.

तुझं खोटं एक, तेही मायसाठी. देवाघरी मी सांगेन की मी मागितलं होतं.

अक्का

सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रेमराज,

तू काय करून बसलास रे!

थांब, आधी चांगलं सांगते. तू शनिवारी आलास तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, तुला वाटलं असेल मी पाहत नाही. मी पडद्याआडून सगळं पाहिलं. तू उंबऱ्यावर थांबलास, टोपी सारखी केलीस. मायने तुला पाहिलं, पटकन पदर डोक्यावर घेतला आणि उठून उभी राहिली. "आबा, उनात?" आलात का, असं विचारलं. मला वाटलं, झालं, आता हा सांगणार की मी प्रेमराज. तुझा ओठ हलत होता. मग तू म्हणालास, "तुले मी कोठेच धाडनार नई."

बस. आबा असल्याचं म्हणाला नाहीस, नसल्याचंही म्हणाला नाहीस. पोरी म्हणाला नाहीस, माय म्हणाला नाहीस. शब्द कसा तोलून ठेवलास! मग तू हात पुढे केलेस आणि तिने नारळ तुझ्या हातात दिला. पंधरवडा कोणाला हात लावू दिला नाही, तुला दिला. "परत करशात नं?" म्हणाली. तू म्हणालास, "करस."

ती त्या दिवशी दुपारी झोपली, भाऊ. हातपाय सैल सोडून झोपली. संध्याकाळी भाकरी खाल्ली. मला म्हणाली, "लापशी कर." मी चादरी अजून काढल्या नाहीत, पण कोठीमागे जात नाही ती आता. तू पाणी न पिता गेलास, ते मला लागलं. मी रागात लिहिलं होतं, तू ते खरंच धरलंस. तू सगळंच खरं धरतोस.

तेच तर! मला वाटलं, नारळ तू पिशवीत घालशील, वाटेत कुठल्या देवळात ठेवशील, नाहीतर वहिनी चटणी करेल. आज सकाळी प्रमिलाबाईचा फोन. म्हणाली, "सुंदरबाई, तुमचे भाऊ काल आमच्या घरी आले होते. नारळ देऊन गेले."

मी गॅस बंद केला. त्यांचं घर कसं शोधलंस, तूच जाणे.

म्हणाली, तू दारात उभा राहिलास, नारळ पाटावर ठेवलास आणि म्हणालास, "हा माझ्या आईच्या ओटीतला. परत करतो असा शब्द दिला होता." तिने हात धरून बसवलं तेव्हा तू सगळं सांगितलंस. मायचं डोकं, आरसा, रूळ, मागची खोली, सगळं. तिच्या घरचे सगळे ऐकत होते. मुलगा पण.

मी माफी मागायला लागले. ती म्हणाली, "मी मान म्हणून ओटी भरली हो, मला काय ठाऊक." मग म्हणाली, "मी लपवत नाही. मुलाचे वडील विचारतात, हे रक्तातून येतं का. उद्या मयुरीला झालं तर? आणि म्हणतात, हे लपवलं, अजून काय लपवलं असेल." मी काय सांगू? मला ठाऊक नाही. मला स्वतःबद्दल ठाऊक नाही. काल मी भाजीत मीठ दोनदा घातलं तर हात तसाच डब्यात राहिला माझा.

समाधान तुझ्यावर पेटला आहे. म्हणतो, "मामाने एका नारळापायी पोरीचं लग्न मोडलं." मेघा भांडी जोरात आपटते. मी पण रागावले होते. मग मयुरी कामावरून आली, तिला सगळं कळलं, आणि पोरगी काय म्हणाली ऐक. "बरं झालं. पणजीला खोलीत कोंडून माझं ठरवलं असतं तर तिकडे जाऊन मी पण कोठीमागे बसले असते." आणि हातपाय धुऊन पणजीजवळ जाऊन बसली. माय तिला म्हणाली, "तुले पन पाहाले उन्हतात का?" ती म्हणाली, "हो, पण मी पण त्यांना पाहून घेतलं." माय हसली रे. तोंडाला पदर लावून हसली.

मोडलं असेल तर मोडलं. असं मी लिहिते, पण खरं म्हणजे मोडू नये असं वाटतं. पोरीच्या डोळ्यांत तो मुलगा आहे, मला दिसतं. मोबाइल वाजला की ती आधी त्याचं नाव बघते. कालपासून त्याचा मेसेज नाही.

प्रमिलाबाईने फोन ठेवताना सांगितलं, "मी यांना म्हटलं, लांबून काय विचारता, जाऊन बघू. आम्ही येतो. पण आजींना मागे ठेवू नका, पुढेच बसू द्या. मी काही घेऊन येणार नाही, रिकाम्या हाताने येईन." हो म्हणायला येणार का नाही म्हणायला, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

आता माय पुढेच बसेल. गोळी नाही, शेजारी नाही. पण फाटकाशी गाडी थांबली, चार माणसं उतरली की तिचं काय होईल ते मी पाहिलेलं आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही. तू ये. भांडण नंतर करू, माझ्याशी, समाधानशी, ज्याच्याशी म्हणशील त्याच्याशी. तू आदल्या दिवशी ये आणि उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बस. ती विचारेल तितक्या वेळा तेच सांग जे तू सांगितलंस, ते खरं आहे, तुला जड जायचं नाही. आणि पाणी पी या वेळी.

पाहुणे येत्या रविवारी येतो म्हणालेत, तीस तारखेला, जेवणाआधी.

तुझी अक्का